ओहम, वॅट आणि दाजींची करपलेली कॉईल

मागच्या शनिवारी रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला. ताई आणि दाजी लेस्टरला असतात, मी बर्मिंगहॅमला, म्हणजे गाडीने तासाभराचं अंतर, पण एवढ्या उशिरा ते सहसा फोन करत नाहीत म्हणून जरा धस्स झालं. तर म्हणाले, "अरे, ती नवी कॉईल घातल्यापासनं लई करपट लागतंय. घशात चटका बसला नुसता. लिक्विड तर काठोकाठ भरलेलं हाय." आणि मागून ताईचा आवाज आला, "जॅकेट घालून निघालेत बघ, कोपऱ्यावरच्या दुकानात."

कोपऱ्यावरच्या दुकानात म्हणजे सिगरेट आणायला. दाजी बावीस वर्षं रोज एक पाकीट ओढत होते. गेल्या मार्चमध्ये सोडली आणि वेपवर, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या बॅटरीवरच्या यंत्रावर आले, सात महिने झाले, एकही ओढली नाही. खोकला गेलाय, जिने चढतात, भाचीला शाळेत सोडायला चालत जातात. आणि ते सगळं एका तीन पौंडाच्या कॉईलवरून, म्हणजे वेपमधल्या लिक्विड तापवणाऱ्या तारेवरून, त्या रात्री पणाला लागलं होतं, म्हणून मी त्यांना म्हटलं दाजी, दहा मिनिटं थांबा, आधी चष्मा लावा आणि कॉईलवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.

टाकीतून कॉईल काढली, टिश्यूने पुसली, मोबाईलची बॅटरी मारून वाचलं. धातूच्या गळ्यावर अगदी बारीक अक्षरात ०.८ ओहम, १२ ते १८ वॅट. ओहम म्हणजे तार विजेला किती अडवते ते, आणि वॅट म्हणजे ती किती जोरात तापते ते. आणि यंत्रावर? यंत्रावर २८. "ते जेवढं आधी होतं तेवढंच हाय, मी कशाला हात लावतोय." आधीची कॉईल ०.४ ओहमची होती आणि तिच्यावर २८ वॅट बरोबर होतं, दुकानात त्या संपल्या होत्या, काउंटरवरच्या पोराने "ह्यापण बसतात" म्हणून ०.८ चं पाकीट दिलं. बसतात हे खरं आहे, आटे तेच आहेत. पण आकडा बदलायचा असतो हे त्याने सांगितलं नाही, आणि हे इतके जण सांगत नाहीत की मला वाटलं आता एकदा नीट मराठीत लिहून टाकावं. इकडे माझ्या ओळखीतले निदान आठ-दहा मराठी लोक सिगरेट सोडून याच्यावर आलेत आणि प्रत्येकाने कधी ना कधी हाच घोटाळा केलाय.

सुरुवात शेगडीपासून करतो कारण मला स्वतःला ही गोष्ट तिथे कळली. सांगलीला हॉस्टेलवर आमच्याकडे ती पांढऱ्या मातीच्या खाचांची कॉईलची शेगडी होती, २००० वॅटची, मेसला सुट्टी असली की तिच्यावर मॅगी आणि अंडी. तिची स्प्रिंग वर्षातून दोनदा तरी तुटायची. मग काय करायचो, तुटलेली दोन टोकं पक्कडीने एकमेकांत पिळून जोडायचो आणि परत चालू. तुम्ही कोणी हे केलं असेल तर आठवत असेल, जोडल्यानंतर शेगडी आधीपेक्षा जास्त लाल व्हायची. पाणी लवकर उकळायचं. आम्ही खूश. आणि आठवडा दोन आठवड्यांत परत तुटायची, बहुतेक वेळा जोडाच्या जवळच.

का ते बघा. भिंतीतून येणारं व्होल्टेज तेच, २३०. आख्खी स्प्रिंग २००० वॅटची म्हणजे साधारण साडेसव्वीस ओहम. जोडताना दहावा हिस्सा तार वाया गेली तर ओहम दहा टक्क्याने उतरतात, आणि वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणून वॅट अकरा टक्के चढतात. पण नुसते वॅट चढले असं नाही, ते चढलेले वॅट आता आधीपेक्षा कमी तारेवर पडतायत. तारेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला आधीपेक्षा तेवीस-चोवीस टक्के जास्त उष्णता सोसावी लागते. म्हणून ती जास्त लाल, आणि म्हणून ती लवकर तुटते. सगळी गंमत या दुसऱ्या वाक्यात आहे, एकूण उष्णता किती आणि ती किती धातूवर पसरलीय. वेपच्या कॉईलचं गणित हेच आहे, फक्त तार केसाएवढी बारीक आणि शेगडीच्या मातीच्या जागी कापूस.

आता बाजारात जाऊन कॉईलच्या पाकिटांवरचे आकडे बघितले तर एक मजेशीर गोष्ट दिसते. मी एकदा घरात पडलेल्या सगळ्या पाकिटांवरचे आकडे वहीत उतरवले होते. १.२ ओहमवाल्या कॉईलवर १० वॅटच्या आसपास. ०.८ वर १५. ०.४ वर २८-३०. ०.२ वर ५५-६०. दोन आकड्यांचा गुणाकार करा. १.२ गुणिले १० बारा. ०.८ गुणिले १५ बारा. ०.४ गुणिले ३० बारा. ०.२ गुणिले ६० परत बारा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं काहीतरी चुकतंय, एवढं नीट कसं जुळतं. पण ओहम गुणिले वॅट म्हणजे व्होल्टचा वर्ग, आणि बाराचं वर्गमूळ साडेतीनच्या जरासं खाली. साडेतीन व्होल्ट म्हणजे काय, तर लिथियमचा एक सेल. पूर्ण भरला की ४.२, कामाच्या वेळी ३.७ च्या आसपास, रिकामा होत आला की ३.२-३.३. म्हणजे या बहुतेक कॉईली मुळात एका सेलवर चालाव्यात अशा बेताने बनवलेल्या आहेत, आणि पाकिटावरचा वॅटचा आकडा हा त्या सेलच्या व्होल्टेजचाच दुसऱ्या भाषेतला आकडा आहे.

त्यामुळे कॉईलवरची अक्षरं पुसली गेली असतील, आणि ती पुसली जातातच, तर बाराला ओहमने भागायचं आणि येईल त्याच्या थोडं खालून सुरू करायचं. अंदाज म्हणून हे फार उपयोगी आहे. दाजींच्या केसमध्ये १२ भागिले ०.८ म्हणजे १५, आणि त्यांनी दिले होते २८. ०.८ ओहमवर २८ वॅट द्यायला यंत्राला ४.७ व्होल्ट काढावे लागतात, सेलमध्ये एवढे नसतातच, पण त्यांच्या मॉडमधली, म्हणजे बॅटरी आणि बटनवाल्या यंत्रातली, चिप व्होल्टेज वाढवू शकते म्हणून तिने इमानदारीत वाढवून दिले. चिपला कापूस दिसत नाही. तिला सांगितलं २८, तिने दिले २८. हल्लीची काही यंत्रं कॉईल बदलली की स्वतः ओहम मोजून आकडा खाली आणतात, पण सगळी नाही आणणार, आणि काहींमध्ये तो पर्याय बंद ठेवलेला असतो.

आता इथे एक गैरसमज आहे तो मला मोडायचाय, कारण बारावाला नियम सांगितला की लोक लगेच असं धरतात की कमी ओहम म्हणजे जास्त वॅट हाच निसर्गाचा कायदा. नाही. चिपवाल्या यंत्रात, म्हणजे जिथे तुम्ही वॅट सेट करता तिथे, ओहमने उष्णता कमीजास्त होतच नाही. तुम्ही १५ म्हटलं की ०.४ ला पण १५ आणि १.२ ला पण १५, चिप ओहम मोजते आणि तेवढे वॅट भरतील एवढं व्होल्टेज लावते. मग वॅट किती द्यायचे हे ठरतं कशावर? तारेच्या पृष्ठभागावर आणि कापसावर. ओहम हा फक्त एक इशारा आहे की आत साधारण किती तार असेल, आणि इशारा कधीकधी साफ फसवतो.

उदाहरण देतो, हे मी स्वतः कॉईल वळायचो त्या काळातलं आहे. कँथल नावाची तार असते, लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमची, गरम झाली तरी हिचा रेझिस्टन्स फारसा हलत नाही म्हणून सगळ्यांची आवडती. २८ गेजची तार ०.३२ मिलिमीटर जाड, तिच्यातून ०.५ ओहमची कॉईल करायची तर साधारण २८ मिलिमीटर तार लागते, बोटाच्या एका पेराएवढी. २४ गेजची तार ०.५१ मिलिमीटर जाड, तिच्यातून तीच ०.५ ओहम करायची तर ७० मिलिमीटर लागते. दोन्ही मीटरवर लावा, दोन्ही ०.५ दाखवणार. पण पहिलीचा पृष्ठभाग २८ चौरस मिलिमीटर आणि दुसरीचा ११३. चौपट! म्हणजे पहिलीला १५ वॅटला जेवढी धग बसते तेवढी दुसरीला ६० वॅटला बसते. ओहम एकच, वॅट चौपट, आणि दोन्ही बरोबर. शिवाय जाड तारेत धातू साडेसहा पट, म्हणून तिला तापायला वेळ लागतो, १५ वॅटवर ती बटन दाबल्यावर दोन सेकंद नुसती विचार करत बसते.

मी हे स्वतःच्या टेबलावर करून बघितलं होतं. दोन्ही कॉईली एकाच डेकवर, म्हणजे कॉईल बसवायच्या बैठकीवर, आळीपाळीने लावल्या, त्याच बाटलीतलं लिक्विड, तोच कापूस, ३० वॅट. बारीक तारेचीतून दुसऱ्याच झुरक्याला चुरचुर आवाज येऊन करपट चव, जाड तारेचीतून कोमट धुकं. मीटर दोन्हीला ०.५० दाखवतोय. त्या दिवसापासून मी कुणी "०.५ ला किती वॅट ठेवू" विचारलं की आधी विचारतो कॉईल कुठली, फोटो पाठव.

मेशच्या कॉईली आल्यावर तर हे अजून बदललं. मेश म्हणजे तारेऐवजी जाळीदार पत्रा, चाळणीसारखा, कापसाला सगळीकडून चिकटून बसतो. पृष्ठभाग मोठा, धग सारखी पसरते, त्यामुळे ०.४ ओहमच्या मोठ्या टाकीतल्या मेश कॉईलवर ५०-६० वॅट पण लिहिलेले सापडतात, जिथे बाराचा नियम तुम्हाला ३० सांगेल. नियमाने गेलात तर चव येणार नाही, नुसतं पाणचट. ५५ वॅटला तिला ४.७ व्होल्ट लागतात म्हणजे ती दोन सेलच्या मॉडसाठी, किंवा व्होल्टेज वाढवणाऱ्या चिपसाठीच बनवलीय. गंमत बघा, व्होल्टेज तेवढंच जेवढं दाजींच्या कॉईलला बसलं, ४.७. एकीकडे ते नेमकं हवंय आणि दुसरीकडे त्याने दहा मिनिटांत कोळसा केला. म्हणून कॉईलवर छापलेली रेंज हाच पहिला शब्द आणि शेवटचा शब्द, कारण कंपनीने ती कॉईल वेगवेगळ्या वॅटवर चालवून कापूस कुठे मार खातो ते बघितलेलं असतं. आपण नुसत्या ओहमवरून मागे जाऊन ते काढू शकत नाही. बाराचा भागाकार फक्त अक्षरं पुसली गेल्यावरचा.

कापसाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण खरा मार तिथेच बसतो आणि कोणी बोलत नाही. रविवारी मी लेस्टरला गेलो तेव्हा दाजींची ती कॉईल घेऊन निमुळत्या टोकाच्या पक्कडीने फोडली. बाहेरचं नळकांडं सोललं, आत कापूस. बाहेरच्या अंगाला पांढरा, ओला, लिक्विड टिपकतंय. आतल्या अंगाला, जिथे तो तारेला टेकतो तिथे, तारेच्या वेढ्यांएवढ्याच काळ्या-तपकिरी रेघा, कुणी उदबत्तीने डाग द्यावेत तशा. मिलिमीटरभर अंतरात ओला पांढरा कापूस आणि जळका कापूस शेजारी शेजारी. भाचीला पण दाखवलं, ती म्हणाली चुलीवरच्या भाकरीसारखं दिसतंय, आणि खरंच तसं दिसत होतं.

हे असं का होतं तर आपल्या रोजच्या स्वयंपाकातलं आहे. आमटीत पाणी आहे तोवर पातेल्याचा तळ शंभर अंशांच्या फार वर जात नाही, उकळण्यातच उष्णता खर्च होते. पाणी आटलं की दोन मिनिटांत तळाला लागतं. कापसात लिक्विड आहे तोवर तार लिक्विडच्या उकळण्याच्या तापमानाजवळ राहते, प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला, मिश्रण असतं त्यामुळे मधे कुठेतरी. पण तारेजवळचं लिक्विड उडून गेलं आणि बाहेरून नवीन यायला उशीर झाला की तेवढ्या जागेपुरतं पातेलं कोरडं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तरी. म्हणजे हा वेगाचा प्रश्न आहे, तार किती वेगाने लिक्विड उडवते आणि कापूस किती वेगाने आणून देतो. वॅट म्हणजे उडवायचा वेग. छापलेल्या रेंजचा वरचा आकडा म्हणजे कापसाच्या वेगाची हद्द.

आणि कापसाचा वेग बऱ्याच गोष्टींनी बदलतो, म्हणून वरच्या आकड्याला चिकटून राहू नये. लिक्विड घट्ट असलं, म्हणजे ७० टक्के ग्लिसरीनवालं, तर ते १.२ ओहमच्या बारीक भोकांच्या कॉईलमध्ये वेळेवर पोचत नाही, तिथे ५०-५० वालं पातळ लिक्विडच पाहिजे. थंडीत तर विचारू नका. जानेवारीत मी एकदा यंत्र रात्रभर गाडीत विसरलो, सकाळी काचांवर बर्फ, लिक्विड मधासारखं झालेलं, नेहमीच्याच १६ वॅटवर पहिल्या झुरक्यालाच चटका. तेव्हापासून हिवाळ्यात यंत्र आतल्या खिशात. सलग झुरके मारले तरी तेच, कापसाला भरायला वेळच मिळत नाही, दोन झुरक्यांमध्ये निदान पंधरा-वीस सेकंद जाऊ द्यावेत. आणि नवीन कॉईल घातली की आधी कापसाच्या भोकांवर लिक्विडचे तीन-चार थेंब, मग टाकी भरायची, मग दहा मिनिटं शांतपणे चहा प्यायचा, मगच बटन. पहिल्या दिवशी रेंजच्या खालच्या आकड्यावर. एकदा कापूस जळला की जळला, नंतर वॅट कितीही कमी केलेत तरी ती चव जात नाही, ती कॉईल फेकायचीच. दाजी त्या रात्री तेच करत होते, २८ वरून २० वर आणलं, १५ वर आणलं, आणि "अजून तसंच लागतंय" म्हणून वैतागले.

गोड लिक्विडबद्दल पण एक. ज्यात सुक्रालोज घातलेलं असतं ते तारेवर पाकासारखं चढतं आणि काळी साय धरते, मग त्या सायीमुळे कापसाला लिक्विड पोचत नाही आणि पंधरा दिवसांची कॉईल चार दिवसांत जाते. तिथे वॅटचा दोष नाही.

ही करपट चव नुसती चवीची गोष्ट नाही म्हणून एवढं लिहितोय. २०१५ च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं एक पत्र आलं होतं, ३.३ व्होल्टवर त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडली नाहीत आणि ५ व्होल्टवर भरपूर सापडली. त्यावर जगभर बातम्या झाल्या. मग त्याच वर्षी ग्रीसमधले हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अल्डिहाइड असे प्रचंड वाढतात ते ड्राय पफच्या अवस्थेत, म्हणजे कोरडा कापूस जळतो त्या अवस्थेत, आणि अनुभवी माणूस ती चव लगेच ओळखून थांबतो. माझं म्हणणं, दोन्हीतून आपल्यासारख्याने घ्यायची गोष्ट एकच आहे, करपट लागलं की थांबायचं, "चालतंय अजून" म्हणून ओढत राहायचं नाही. आणि नुसत्या व्होल्टच्या आकड्याला काही अर्थ नसतो हेही त्यातून कळतं. ५ व्होल्ट ०.८ ओहमवर ३१ वॅट होतात आणि २.४ ओहमवर जेमतेम साडेदहा.

वॅट वाढले की निकोटिन पण वाढतं हे आणखी एक लोक विसरतात. १५ वॅटवर जेवढं लिक्विड उडतं त्याच्या कितीतरी पट ६० वर उडतं. इथे ब्रिटनमध्ये बाटलीत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली एवढंच निकोटिन चालतं, बाटली १० मिलीची, टाकी २ मिलीची, पण तेच २० वालं निकोटिन सॉल्टचं लिक्विड ०.२ ओहमच्या ६० वॅटच्या टाकीत भरलंत तर डोकं गरगरेल, मळमळेल. ते ०.८ च्या वरच्या, सिगरेटसारखं आधी तोंडात ओढून मग छातीत घ्यायच्या कॉईलींसाठी. मोठ्या ढगांच्या टाकीत ३ मिलिग्रॅम. सिगरेट सोडणाऱ्याला मी नेहमी ०.८ ते १.२ आणि १०-१५ वॅट हेच सांगतो, ढगांच्या मागे लागू नका, तुम्हाला तलफ भागवायचीय.

बॅटरीचं थोडक्यात पण महत्त्वाचं. वर मी म्हटलं चिपवाल्या यंत्रात ओहमने उष्णता बदलत नाही, तसंच सेलवरचा भारही ओहमने बदलत नाही, तो वॅटने ठरतो. ६० वॅट एका सेलमधून काढायचे, सेल साडेतीन व्होल्टवर आलाय, चिपमध्ये दहा टक्के वाया जातात, तर १९ अँपियर, कॉईल ०.१५ असो नाहीतर ०.५. पण चिप नसलेली नळकांडी असतात, मेक मॉड म्हणतात, नुसतं बटन आणि सेल, तिथे आपली शेगडी परत येते. भरलेला ४.२ व्होल्टचा सेल आणि ०.१५ ओहम म्हणजे २८ अँपियर, ११७ वॅट, आणि १८६५० आकाराचे चांगले सेल सतत २०-२५ अँपियरपर्यंतचे असतात. तिथे ओहमचा आकडा चुकला तर चव जात नाही, सेल फुटतो. ज्याला हा भागाकार तोंडी करता येत नाही त्याने ते यंत्र हातात धरू नये, आणि ज्याला येतो त्याला मी तरी सांगेन की घेऊ नको, सिगरेट सोडायला त्याची काही गरज नाही. आवरण सोललेला सेल तर कुठल्याच यंत्रात घालू नका, आणि खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल कधीच नको.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो. भारतात २०१९ पासून ई-सिगरेटवर बंदी आहे, आधी सप्टेंबरमध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा, बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद. साठवणं सोडून बाकीच्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी सांगलीला येतो तेव्हा यंत्र इथेच ड्रॉवरमध्ये ठेवून येतो आणि तीन आठवडे निकोटिनच्या गोळीवर काढतो, दाजींनाही तेच सांगितलंय. पुण्या-मुंबईत पानटपरीच्या मागून मिळतात ते मला माहीत आहे, पुतण्याने मला फोटो पाठवून "काका, ही किती ओहमची?" विचारलं होतं, मी त्याला म्हटलं तू सिगरेट ओढतोस का, नाही ना, मग ही हातात घेऊच नकोस. वेप ही सिगरेटपेक्षा कमी वाईट गोष्ट आहे, निरुपद्रवी नाही, इथली आरोग्यसेवासुद्धा सिगरेट सोडायला वापरा म्हणते, पण जो ओढतच नाही त्याने सुरू करू नका असंही म्हणते. इथेही जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकायच्या वेप विकायला बंदी आलीय, त्यामुळे बरेच लोक पहिल्यांदाच कॉईल बदलायच्या यंत्रांकडे वळलेत आणि पहिल्यांदाच ओहम-वॅट वाचतायत. हे लिहायचं तेही एक कारण.

तर त्या रात्री. ०.८ च्या पाकिटात पाच कॉईली होत्या, एक जळली, चार शिल्लक. फोनवर एकेक पायरी सांगितली. थेंब टाका. घाला. भरा. यंत्र १३ वर आणा. आता फोन ठेवू नका, दहा मिनिटं माझ्याशी बोला. मग आम्ही गावाकडच्या उसाच्या बिलाबद्दल बोललो, आबांच्या गुडघ्याबद्दल बोललो, ताईने मागून चहा टाकल्याचा आवाज आला. अकरा वाजून गेले. मग म्हटलं आता एक हलका झुरका घ्या, बटन दोनच सेकंद. थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "हां. आता लागतंय नीट." आणि ताई म्हणाली जॅकेट काढून खुंटीला लावलंय.

रविवारी मी गेलो तेव्हा यंत्राच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी लावून मार्करने मोठ्या अक्षरात "०.८ = १३ ते १६" लिहून दिलं, चष्म्याशिवाय दिसेल एवढं. कॉईलच्या पाकिटावर पण तेच. ०.४ च्या दोन जुन्या कॉईली ड्रॉवरमध्ये सापडल्या, त्यांच्यावर वेगळी पट्टी, "२५ ते ३०". काल ताईचा मेसेज आला, दाजींनी दुसरी कॉईल स्वतः बदलली, पट्टी वाचून, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून बसले होते.